समोरासमोर बोलणं की ऑनलाइन संवाद : नेमका फरक कुठे पडतो?

"ठीक आहे."

घरात समोर बसलेल्या बहिणीने हे दोन शब्द उच्चारले, तर ती मनापासून तयार आहे, नाइलाजाने मान डोलावते आहे की रागाने विषय संपवते आहे, हे बहुतेकांना त्याच क्षणी कळतं. हेच दोन शब्द व्हॉट्सॲपवर आले की मात्र प्रश्न सुरू होतात. ती चिडली असेल का? फोन करावा का? की खरंच सगळं ठीक आहे?

गेल्या काही वर्षांत आपल्या बोलण्याचा मोठा भाग स्क्रीनवर गेला आहे. ऑफिसची मीटिंग, शाळेचा पालक-गट, डॉक्टरांचा सल्ला, लग्नाची बोलणी, कोर्टातली साक्ष आणि भावंडांमधली भांडणंसुद्धा. त्यामुळे 'समोरासमोर बोलणं चांगलं की ऑनलाइन?' हा वाद नेहमी होतो. एका बाजूला 'मोबाइलने माणसं तोडली' असं म्हणणारे असतात, तर दुसऱ्या बाजूला 'मोबाइलमुळेच तर संपर्क टिकला' असं म्हणणारे.

या दोन प्रकारच्या संवादात नेमका फरक काय आहे, संशोधन काय सांगतं, कायदा काय म्हणतो आणि कोणतं बोलणं कुठे केलेलं बरं, हे समजून घेऊया.

समोरासमोर बोलताना नेमकं काय घडतं?

दोन माणसं बोलत असतात तेव्हा एक थांबतो आणि दुसरा सुरू करतो. ही गोष्ट इतकी सहज होते की तिच्यामागे काही नियम असतील असं वाटत नाही. पण ते असतात. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अभ्यासकांनी १९७४ साली या 'पाळी घेण्याच्या' पद्धतीची सविस्तर मांडणी केली. त्यातूनच संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणारी एक शाखा उभी राहिली.

या पाळीचा वेग थक्क करणारा आहे. टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघालं. जपानी भाषेत ते सर्वांत कमी होतं, डॅनिशमध्ये सर्वांत जास्त. पण सगळ्या भाषांमध्ये कल एकच दिसला : मध्ये मोठी पोकळी राहू द्यायची नाही आणि एकमेकांवर आदळायचंही नाही.

गंमत अशी की, एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून बाहेर काढायला मेंदूला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच ऐकणाऱ्याची तयारी सुरू झालेली असते. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज तो शब्दांवरून, आवाजाच्या चढउतारावरून आणि चेहऱ्यावरून घेत असतो.

याच्या जोडीला ऐकणाऱ्याचा हुंकार असतो. 'हं', 'बरं', 'हो ना', 'मग?', 'अगं बाई!' या शब्दांनी नवी माहिती मिळत नाही. पण ते थांबले की बोलणारा अडखळतो. लहानपणी आजी गोष्ट सांगताना 'हं म्हणत राहा' असं बजावायची, त्यामागे हेच कारण होतं. हुंकार थांबला की पोर झोपलं, असं समजायचं.

म्हणजे समोरासमोरच्या बोलण्यात ऐकणाराही सतत काहीतरी करत असतो. बोलणारा त्याच्याकडे पाहून आपलं वाक्य वाक्याच्या मध्येच बदलतो. कपाळावर आठी दिसली की आवाज मऊ करतो, डोळ्यांत गोंधळ दिसला की उदाहरण देतो.

'९३ टक्के संवाद शब्दांविना होतो' हे खरं आहे का?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांमध्ये एक आकडा हमखास ऐकवला जातो : संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. त्यावरून 'ऑनलाइन लिहिलं की ९३ टक्के अर्थ नष्ट होतो' असाही निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. प्रश्न मर्यादित होता : बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे ओळखायचं असेल आणि शब्द, आवाज व चेहरा एकमेकांशी विसंगत असतील, तर लोक कशावर विश्वास ठेवतात? मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं की, भावना आणि आवड-नावड याविषयीच्या बोलण्यापलीकडे हे समीकरण लागू होत नाही.

साधी परीक्षा घेऊन पाहता येते. एखाद्याने अनोळखी भाषेत पत्ता सांगितला, तर त्याच्या हावभावांवरून ९३ टक्के पत्ता कळणार नाही. माहिती शब्दांतच असते. भावना मात्र बरीचशी आवाजात आणि चेहऱ्यावर असते. ऑनलाइन संवादातली गफलत समजून घ्यायला हा भेद उपयोगी पडतो.

लिहिलेल्या मेसेजमधून काय गळतं?

सगळ्यात आधी गळतो तो सूर. मराठीत 'बरं' हा एकच शब्द होकार, नाराजी, आश्चर्य, धमकी आणि 'पुढे सांग' असे निरनिराळे अर्थ देतो. सगळा फरक सुराचा असतो. लिहिताना ते सगळे 'बरं' सारखेच दिसतात.

मोठी अडचण पुढेच आहे. लिहिणाऱ्याच्या मनात तो सूर वाजत असतो, त्यामुळे तो वाचणाऱ्यालाही ऐकू येईल असं त्याला वाटतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे प्रयोगातून दाखवलं. काही विद्यार्थ्यांना उपरोधिक आणि गंभीर वाक्यं ई-मेलने, तर काहींना आवाजात पाठवायला सांगितली. समोरचा उपरोध ओळखेल का, असं विचारल्यावर दोन्ही गटांनी सुमारे ७८ टक्के वेळा ओळखेल असा अंदाज बांधला. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. ई-मेल वाचणाऱ्यांनी फक्त ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून जितकं बरोबर येईल त्यापेक्षा जेमतेम थोडं जास्त.

थोडक्यात, सूर हरवला आहे हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. म्हणूनच 'मी तर गमतीने लिहिलं होतं' हे वाक्य इतक्या वेळा लिहावं लागतं.

ही पोकळी वाचणारा मग हाताशी असेल त्या खुणेने भरून काढतो. पूर्णविरामाचंच पाहा. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं की, एका शब्दाच्या मेसेजपुढे पूर्णविराम असेल तर वाचणाऱ्यांना तो कमी मनापासूनचा वाटतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक पडला नाही. शाळेत पूर्णविराम दिला नाही म्हणून गुण कापले जायचे. चॅटमध्ये तो दिला म्हणून 'काय झालं, चिडलीस का?' असा प्रश्न येतो.

मराठीत आणखी एक भर पडते ती रोमन लिपीची. अनेक जण मराठी मेसेज रोमन अक्षरांत टाइप करतात. त्यात काल, काळ आणि कळ हे तीन वेगळे शब्द बऱ्याचदा एकसारखेच लिहिले जातात. संदर्भाने अर्थ लागतो, पण घाईत नाही लागला तर गोंधळ होतो.

हरवलेला सूर परत आणण्यासाठीच इमोजी आले. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की, विनोदी संदेशापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस वापरून आडवा हसरा चेहरा काढावा. संगणकावरच्या गप्पांमध्ये विनोद कोणता आणि गंभीर मजकूर कोणता हे कळत नाही, हीच त्यांचीही अडचण होती. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच तयार केला आणि २०१० साली युनिकोडने इमोजींना सर्वत्र चालतील असे संकेतांक दिले.

तरीही इमोजी आणि चेहरा यांत एक फरक उरतोच. चेहऱ्यावरचं हसू बऱ्याचदा नकळत उमटतं, इमोजी मात्र निवडून पाठवावा लागतो. रडत रडतही हसरा चेहरा पाठवता येतो.

व्हिडिओ कॉलमध्ये तर चेहरा दिसतो, मग अडचण काय?

पहिली अडचण वेळेची. आवाज आणि चित्र इंटरनेटवरून येईपर्यंत काही क्षण जातात. एका दिशेचा हा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. समोरासमोर दोन पाळ्यांमधलं अंतरच २०० मिलिसेकंद असतं हे लक्षात घेतलं, तर एवढासा विलंबही का जाणवतो ते कळेल. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात आणि मग 'तुम्ही बोला, तुम्ही बोला' सुरू होतं.

जर्मनीतल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. विलंब वाढवला की लोक नेटवर्कला दोष देण्याऐवजी समोरच्या माणसालाच कमी लक्ष देणारा समजू लागतात. नोकरीची मुलाखत किंवा लग्नासाठी पहिली भेट व्हिडिओवर असेल, तर ही बाब हलकी नाही. खराब रेंजचा दोष माणसाच्या स्वभावाच्या खात्यात जमा होतो.

दुसरी अडचण नजरेची. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो आणि समोरच्याचे डोळे स्क्रीनच्या मध्ये. त्याच्या डोळ्यांत पाहिलं की त्याला आपली नजर झुकलेली दिसते. कॅमेऱ्यात पाहिलं की आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही. नजरेला नजर भिडणं, जे समोर बसून आपोआप होतं, ते इथे जमतच नाही.

तिसरी अडचण थकव्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ साली त्याची चार कारणं मांडली : सतत खूप जवळून दिसणारे चेहरे, हावभाव दाखवण्याचे आणि ओळखण्याचे जास्तीचे कष्ट, दिवसभर स्वतःचाच चेहरा आरशासारखा समोर असणं आणि एका चौकटीत बसून राहण्याची सक्ती. ऑफिसात कुणी दिवसभर समोर आरसा धरून काम करत नाही. व्हिडिओ कॉलवर तेच होतं.

याचा कामावर परिणाम होतो का? मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचं संशोधन २०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेतल्या जोड्यांबरोबरच युरोप, पश्चिम आशिया आणि दक्षिण आशियातल्या पाच देशांमधले एका कंपनीचे १,४९० अभियंते त्यात सहभागी होते. व्हिडिओवर काम करणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी नव्या कल्पना सुचल्या. व्हिडिओवर नजर स्क्रीनला चिकटून राहते आणि नजरेबरोबर विचारही आखडतो, असं स्पष्टीकरण संशोधकांनी दिलं.

मात्र याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. सुचलेल्या कल्पनांमधून चांगली कोणती हे निवडण्यात व्हिडिओवरचे लोक मागे पडले नाहीत. म्हणजे नवं काही सुचवायचं असेल तर एकत्र बसावं, ठरलेल्यातून निवड करायची असेल तर ऑनलाइन मीटिंगही चालते.

धीर द्यायचा असेल तर मेसेज पुरतो का?

लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. लहान मुलींना परीक्षकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून त्यांच्यावर ताण आणला गेला. त्यानंतर काहींना आईची प्रत्यक्ष भेट मिळाली, काहींचं आईशी फोनवर बोलणं झालं आणि काहींनी आईशी चॅट केलं. प्रत्यक्ष किंवा फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींमध्ये ताणाशी निगडित कॉर्टिसॉल कमी झालं आणि जवळिकीशी निगडित ऑक्सिटोसिन वाढलं. चॅट करणाऱ्या मुलींची स्थिती मात्र आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी राहिली.

आईने चॅटवरही मायेचेच शब्द लिहिले असतील. पण शरीराने ओळखला तो आवाज.

लोक तरीही फोन टाळतात, कारण अवघडल्यासारखं होईल असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०२१ साली लोकांना जुन्या मित्राशी संपर्क साधायला सांगितलं. फोनवर अवघडलेपण येईल असा अनेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात फोनवर बोललेल्यांना ई-मेल पाठवणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण काही वाढलं नाही.

ऑनलाइन माणसं इतकी टोकाची का बोलतात?

जो माणूस चहाच्या टपरीवर 'जाऊ द्या हो' म्हणून विषय सोडून देतो, तोच रात्री फेसबुकवर शिवीगाळ करताना दिसतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली याची कारणं मांडली. ओळख लपलेली असणं, आपण दिसत नसणं, उत्तर लगेच अंगावर न येणं, समोरचा माणूस जणू आपल्या डोक्यातच आहे असं वाटणं, हे सगळं 'खरं' नाही अशी भावना आणि हुद्द्याचा किंवा वडीलधारेपणाचा दरारा न उरणं, या सगळ्यांमुळे जिभेवरचा लगाम सुटतो.

पुढे २०१२ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी यातलं कोणतं कारण जास्त जोरकस आहे ते तपासलं. नाव लपलेलं असण्यापेक्षा नजरानजर नसणं हे शत्रुत्वाच्या भाषेचं मोठं कारण ठरलं. फॅमिली ग्रुपवर सगळे एकमेकांना नावाने, नात्याने ओळखतात तरी भांडणं का पेटतात, याचं उत्तर इथे मिळतं. काका कोण आहेत हे माहीत असतं, पण लिहिताना काकांचे डोळे दिसत नाहीत.

लगाम सुटण्याला दुसरी बाजूही आहे, आणि सुलर यांनी तीही नोंदवली होती. समोर बसून जे सांगता येत नाही, ते लोक ऑनलाइन सांगतात. घरात होणारी मारहाण, आजाराची लाज, आत्महत्येचे विचार यांबद्दलचा पहिला शब्द अनेकदा स्क्रीनवरच उमटतो.

अफवा ऑनलाइन जास्त धोकादायक का ठरते?

पारावरच्या गप्पांमध्ये अफवा नव्हत्या असं नाही. पण तिथे 'तुला कोणी सांगितलं?' असं विचारता यायचं. सांगणारा समोर असायचा आणि तो किती भरवशाचा आहे हे गावाला ठाऊक असायचं. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला असा धनी नसतो. तो ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून खरा वाटतो. पण त्या माणसालाही तो दुसऱ्याकडूनच आलेला असतो.

याची सर्वांत भीषण आठवण महाराष्ट्रात आहे. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज पसरलेले असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लेबल लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

राईनपाड्याची घटना आणखी एका सोप्या समजुतीला धक्का देते. ते पाच जण जमावाच्या समोर होते, विनवण्या करू शकत होते. समोरासमोर असलं की माणुसकी आपोआप जागी होते, असं नाही. मनात आधीच बसलेल्या मेसेजने समोरच्याचं म्हणणं ऐकूच दिलं नाही.

कायदा या फरकाकडे कसा पाहतो?

'समक्ष हजर असणं' म्हणजे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायची होती. साक्ष आरोपीच्या समक्ष व्हायला हवी, म्हणजे साक्षीदार प्रत्यक्ष कोर्टातच हवा, असा आक्षेप होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तो निर्णय फिरवला. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याची उलटतपासणी करता येते, त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहता येतात, तर ती 'समक्ष' साक्षच आहे, असा या निकालाचा आशय होता.

पण २०१७ साली 'संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश' या प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळी रेषा आखली. पती-पत्नीच्या वादात समेटाचे प्रयत्न सुरू असताना व्हिडिओ कॉन्फरन्सिंग नको, असं तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं. समेट फसला आणि दोघांनी मिळून मागणी केली, तर नंतर परवानगी देता येईल, अशी मुभा ठेवली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. दूर राहणाऱ्या, प्रवास न परवडणाऱ्या पक्षकारांसाठी तंत्रज्ञान न्यायाचं दार उघडतं, अशी त्यांची भूमिका होती.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मुद्दा स्पष्ट होतो. माहिती द्यायची असेल तर स्क्रीन चालते. तुटत आलेलं नातं सांधायचं असेल तर माणसं एका खोलीत असावीत, असं बहुमताला वाटलं.

कायद्याच्या दृष्टीने आणखी एक मोठा फरक आहे : बोललेलं विरून जातं, लिहिलेलं उरतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. घरात बसून केलेली हीच टिप्पणी चार भिंतींतच राहिली असती. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर, 'श्रेया सिंघल' प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. पण ऑनलाइन लिहिलेल्या शब्दाचा पुरावा होऊ शकतो, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. जालन्यातल्या निवडणूक वादातून गेलेल्या 'अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल' प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, मूळ उपकरण सादर केलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेलं प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्यामुळे नुसता स्क्रीनशॉट पुढे करून भागत नाही.

डॉक्टरांचा सल्ला ऑनलाइन घ्यावा का?

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात व्हिडिओ, आवाज आणि मजकूर अशा तीन मार्गांचे फायदे-तोटे वेगवेगळे नोंदवले आहेत. नेहमीची साधी औषधं कोणत्याही मार्गाने सुचवता येतात. औषधांचा एक गट असा आहे की पहिल्याच सल्ल्यात तो द्यायचा तर व्हिडिओवर रुग्णाला पाहणं आवश्यक आहे. आणि गुंगीकारक किंवा व्यसन लावणारी काही औषधं दूरच्या सल्ल्यावर लिहून देताच येत नाहीत.

पोटात दुखतंय हे लिहिता येतं, पण नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं हे हात लावल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट दाखवणं, गोळीचा डोस विचारणं यासाठी ऑनलाइन सल्ला सोयीचा. छातीत दुखणं, अचानक बोलणं अडखळणं अशा वेळी मेसेजच्या उत्तराची वाट न पाहता दवाखाना गाठायला हवा.

मग ऑनलाइन संवाद कमी दर्जाचा म्हणायचा का?

नाही. पर्याय काय होता, यावर ते अवलंबून आहे. दुबईत कामाला गेलेल्या मुलासाठी व्हिडिओ कॉलची तुलना घरच्या ओसरीशी करून उपयोग नाही. त्याची तुलना पत्राशी किंवा बुक केलेल्या ट्रंक कॉलशी करायला हवी. त्या हिशेबाने तो फारच जवळ आला आहे.

कर्णबधिर व्यक्तींना फोनचा उपयोग नव्हता. मेसेजमुळे ती अडचण दूर झाली आणि व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत गप्पा मारता येऊ लागल्या. बोलताना अडखळणाऱ्याला लिहून सविस्तर मांडता येतं. मीटिंगमध्ये मोठ्या आवाजाच्या चार माणसांपुढे गप्प राहणारी कर्मचारी चॅटमध्ये आपला मुद्दा लिहू शकते. शांतपणे विचार करून उत्तर द्यायला वेळ मिळतो, तो समोरासमोर मिळत नाही.

आणि समोर बसलं म्हणजे मनमोकळं बोलणं होतंच असंही नाही. सासरी, साहेबांपुढे किंवा पंचांपुढे अनेकांना तोंडच उघडता येत नाही.

कोणतं बोलणं कुठे करावं?

- पत्ता, वेळ, रक्कम, खाते क्रमांक, डोस : लिहूनच. ऐकण्यात चूक होते आणि नंतर पाहायला नोंद राहते.
- मदत मागणं : शक्यतो भेटून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी लोकांना केलेली विनंती ई-मेलपेक्षा समोरासमोर ३४ पट परिणामकारक ठरली.
- माफी आणि भांडण मिटवणं : भेटून. ते शक्य नसेल तर फोनवर. मेसेज फक्त 'बोलायचं आहे, कधी येऊ?' एवढंच विचारण्यासाठी.
- मृत्यूची किंवा गंभीर आजाराची बातमी : जवळच्यांना आधी भेटून किंवा फोनवर. ग्रुपवर नंतर.
- टीका किंवा कानउघाडणी : एकट्याला, समोर बसवून. ग्रुपवर केलेली चूक-दुरुस्ती अपमान ठरते.
- नव्या कल्पना : एकत्र बसून. कामांची वाटणी आणि निर्णयांची नोंद : ऑनलाइन.
- रागात लिहिलेला मेसेज : पाठवण्याआधी मोठ्याने वाचून पाहावा, तोही सर्वांत रागीट आवाजात. वाचणारा तो तसाही वाचू शकतो.
- समोरच्याला तोंडी बोलणं असुरक्षित किंवा अवघड वाटत असेल तर : त्याला सोयीचा असेल तोच मार्ग योग्य.

दोन्ही मार्ग एकमेकांना पूरकही ठरतात. भेटीत ठरलेली गोष्ट नंतर मेसेजवर लिहून ठेवली की विसंवाद टळतो. मेसेजवर ताणलेली गोष्ट तिसऱ्या-चौथ्या उत्तरानंतरही सुटत नसेल, तर टायपिंग थांबवून फोन लावावा.

बहिणीच्या त्या 'ठीक आहे.'चं उत्तरही स्क्रीनवर शोधून सापडणार नाही. तिला एक फोन केला तर दोन मिनिटांत कळेल. कदाचित ती त्या वेळी फक्त भाजी चिरत होती.